मनाचें दुःख व देहाचें दुखणें

(शास्त्रभाग : शमुवेलाचें पहिलें पुस्तक, अध्याय १, वचनें १ ते १८)

वर दिलेला शास्त्रभाग आपणांपैकीं पुष्कळांनीं अनेकदां ऐकिला असेल. बहुधा तो मुलांच्या समर्पणाच्या प्रसंगीं वाचितात, आणि उपदेशक हन्नेच्या नवसापासून आरंभ करून बाळ शमुवेलापर्यंत लवकर येऊन पोहोंचतात. आज आम्ही इतकी घाई करणार नाहीं. बाळ जन्मास येण्यापूर्वीं शिलो येथें जें घडलें तेवढ्यावरच आपलें लक्ष असावें अशी आमची विनंति आहे. कारण त्यांत मन व शरीर यांच्या संबंधाविषयीं एक गोष्ट आहे, आणि ती न समजल्यामुळें आमच्या हातून एकदां एका बहिणीचें मोठें नुकसान झालें.

एलकाना हा एफ्राइमाच्या डोंगराळ प्रदेशांतील मनुष्य. त्यास दोन बायका होत्या. पनिन्नेस मुलें होतीं, हन्नेस नव्हतीं. दरवर्षीं सारें कुटुंब उपासनेसाठीं शिलोस जाई. सणाचा दिवस, यज्ञाच्या मांसाचे वांटे होत आहेत, मुलांचा गलबला चालला आहे, आणि सवत टोंचून बोलत आहे. ज्या घरीं दोघी जावांपैकीं एकीची ओटी भरलेली व दुसरीची रिकामी आहे, त्या घरच्यांस हें दृश्य समजावून सांगावयास नको. हन्ना रडत बसे व जेवीत नसे. नवरा प्रेमळ होता. आपलें प्रेम दहा पुत्रांच्याहि वरचढ आहे असें त्यानें तिला सुचवून पाहिलें. पण समजुतीनें तिच्या घशाखालीं घास उतरला नाहीं.

मग ती उठून मंदिरांत गेली. एली याजक दाराच्या खांबापाशीं आसनावर बसला होता. एक स्त्री रडत आहे, तिचे ओंठ हालत आहेत, पण आवाज मुळींच निघत नाहीं, एवढें त्यानें पाहिलें, आणि ही मद्य पिऊन आली आहे असा निर्णय करून तो तिला रागें भरला. बंधूंनो, एली कांहीं दुष्ट मनुष्य नव्हता. सणाच्या दिवसांत झिंगून आलेलीं माणसें त्यानें पुष्कळ पाहिलीं असतील. त्यानें तिचें शरीर पाहिलें, आणि तें चुकीचें वाचिलें, इतकेंच. ती मात्र गप्प राहिली नाहीं. आपण मद्य घेतलें नसून फार दुःखी आहों, आणि मनांतलें सर्व देवापुढें ओतीत होतों, असें तिनें नम्रपणें सांगितलें. तेव्हां एलीनें आपला शब्द मागें घेतला आणि तिला शांतीनें निरोप दिला. ती परत गेली, जेवली, आणि तिचा चेहरा पूर्वीसारखा उदास राहिला नाहीं.

येथें थोडें थांबा. ह्या घटकेस हन्नेच्या स्थितींत काय बदललें होतें? मूल झालें नव्हतें. पनिन्ना बिऱ्हाडीं बसलेलीच होती, आणि तिची जीभहि जेथल्या तेथें होती. तरी हन्नेचें पोट मोकळें झालें व तोंडावरची कळा पालटली. शास्त्रकर्त्यानें हें मुद्दाम नोंदून ठेविलें आहे. मूल पुढें झालें, पण भाकरी आधीं गोड लागली.

आतां आमची गोष्ट सांगतों. गांवाचें नांव सांगण्याची गरज नाहीं, आणि त्या बहिणीचेंहि नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं एका लहान मंडळीच्या सायंकाळच्या प्रार्थनासभेंत गीत चालू असतां एक तरुण बहीण एकाएकीं खालीं बसली. तिचा श्वास भात्यासारखा चालूं लागला, ओंठ पांढरे पडले, आणि दोन्ही हातांचीं बोटें आंत वळून अशीं ताठ झालीं कीं, दोघींनीं ओढूनहि तीं उलगडेनात. हिच्या अंगांत आलें, असें बाया कुजबुजूं लागल्या. त्या घराण्याचा बाप्तिस्मा होऊन पुरतीं दोन वर्षें झालीं नव्हतीं. जुनी देवी अजून हिला सोडीत नाहीं, असें कोणी तरी म्हणालें, आणि तें आम्हांस तत्काळ पटलें. आम्हीं तिच्या खांद्यांस धरून मोठ्या आवाजानें दुष्ट आत्म्यास निघून जाण्याची आज्ञा केली. जसजसा आमचा आवाज चढला तसतसा तिचा श्वास वाढला. अर्ध्या तासानें ती थकून निपचित पडली. आम्ही तो प्रभूचा जय समजलों, आणि पुढच्या रविवारीं दुसऱ्या गांवीं साक्ष म्हणून सांगितलाहि.

त्यानंतर आठ महिने ती उपासनेस आली नाहीं. घरच्यांनीं तिला एका भगताकडे नेलें, मग दुसऱ्याकडे. दोन शेळ्या विकल्या गेल्या. आम्हीं तिचें नांव प्रार्थनेंत घेत असूं, पण तिच्या घराकडे आमचें पाऊल वळेना. आपण ज्याच्यावर जय मिळविल्याचें सांगत फिरलों तें तेथेंच असलें तर काय करावें, अशी भीति आम्हांस होती, हें आतां कबूल करतों.

अखेर आमच्या मंडळीच्या वृद्ध बायबलबाई तिच्याकडे जाऊं लागल्या. त्या फारसें बोलत नसत. ओट्यावर बसून तिच्याबरोबर ज्वारी निवडीत, आणि दिवस कलला कीं उठून येत. चौथ्या कीं पांचव्या दुपारीं ती बोलली. बाप्तिस्म्याच्या पुढच्याच श्रावणांत तिचा चार वर्षांचा मुलगा विहिरींत पडून मेला होता. ही गोष्ट आम्हांस ठाऊक होती, कारण त्यास पुरणारे आम्हीच होतों. जें ठाऊक नव्हतें तें असें. ती खुरपणींत होती, मुलानें एकदां हांक मारली, आणि हातची पात पुरी करून मग जावें असें तिनें मनांत म्हटलें. पात पुरी होईपर्यंत हांक थांबली होती. हें तिनें कोणास सांगितलें नव्हतें. पुरण्याच्या वेळीं ती आक्रोश करूं लागली तेव्हां, ख्रिस्ती माणसास आशा आहे, त्यानें इतरांसारखें रडूं नये, असें तिला बजावण्यांत आलें. बजावणारेहि आम्हीच. आणि त्या प्रार्थनासभेंत जें गीत चाललें होतें, तें त्या दिवशीं थडग्यापाशीं म्हटलेलें गीत होतें.

बाईंनीं सांगितलें कीं, हें बोलतां बोलतां तिचीं बोटें पुन्हां वळलीं. बाईंनीं तीं धरलीं नाहींत, कीं कांहीं आज्ञाहि केली नाहीं. त्या जवळ बसून राहिल्या व तिला रडूं दिलें. दिवेलागणीच्या सुमारास बोटें आपोआप सुटलीं.

आतां कोणी विचारील कीं, मनांतल्या दुःखानें हाताचीं बोटें कशीं वळतील? हें समजून घेण्यासारखें आहे. आपली मराठी भाषा यांतलें पुष्कळसें केव्हांच जाणते. भय वाटलें कीं छातींत धस्स होतें, हातपाय गळतात, पोटांत गोळा येतो. दुःखानें घसा दाटतो, आंतडें पिळवटतें. चिंता मिटली कीं जीव भांड्यांत पडतो. हे केवळ बोलण्याचे अलंकार नव्हेत. आपल्या आज्यांनीं जें अंगांत अनुभविलें तेंच बोलून ठेविलें. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेंतहि, लोकसमुदायास पाहून प्रभूस कळवळा आला असें जेथें म्हटलें आहे, तेथील शब्द आंतड्यांच्या नांवावरूनच झालेला आहे. आपलें ‘आंतडें तुटणें’ त्याच्या फार जवळचें आहे.

शास्त्रज्ञांनीं हें डोळ्यांनीं पाहिलें तें एका अपघातामुळें. अमेरिकेंत मॅकिनॅक नांवाच्या बेटावर सन १८२२ च्या जून महिन्यांत अलेक्सिस सेंट मार्टिन नांवाच्या एका गरीब कामगारास बंदुकीचा बार लागून पोटास मोठी जखम झाली. विल्यम बोमाँट नांवाच्या लष्करी डॉक्टरांनीं त्यास वांचविलें, परंतु जखमेचें तोंड कायमचें उघडें राहिलें, व त्यांतून जठराचा आंतला भाग दिसे. डॉक्टरांनीं पुढें कित्येक वर्षें अन्नाचे तुकडे दोऱ्यास बांधून त्या छिद्रांतून आंत सोडले व पचन कसें होतें तें लिहून ठेविलें. (त्या गरिबास ह्याचा कंटाळा येऊन तो मधून मधून घरीं निघून जाई, आणि आम्हांस त्यांत त्याचा दोष दिसत नाहीं.) सन १८३३ मध्यें बोमाँट यांचें पुस्तक प्रसिद्ध झालें. राग व भय यांनीं जठराच्या अस्तराचें रूप बदलतें व पचन बिघडतें, असें त्यांनीं त्यांत नमूद केलें.

पुढें त्याच देशांत हार्वर्ड येथें वॉल्टर कॅनन नांवाचे विद्यार्थी नव्यानेंच निघालेल्या क्ष-किरणांनीं मांजराचें जठर पाहत होते. मांजर स्वस्थ असे तोंवर जठराच्या लाटा नियमानें चालत. तें घाबरलें किंवा चिडलें कीं लाटा बंद पडत, आणि कुरवाळून शांत केलें कीं पुन्हां सुरू होत. सन १९१५ मध्यें त्यांनीं भय, राग, भूक व वेदना यांनीं शरीरांत काय घडतें यावर ग्रंथ लिहिला. थोडक्यांत तें असें. संकट समोर आलें कीं शरीर लढावयास किंवा पळावयास सिद्ध होतें. मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन लहान ग्रंथि आहेत, त्या आपला रस रक्तांत सोडतात. हृदय जोरानें चालतें, स्नायु आंवळतात, श्वास जलद होतो, आणि पोटाचें काम तात्पुरतें थांबतें. वाघ समोर असतांना भाकर पचविण्याची निकड नसते. देवानें घातलेली ही योजना आपल्या रक्षणासाठींच आहे. पण वाघ निघून गेला तर शरीर पुन्हां सैल होतें. सवतीचें टोंचणें, सावकाराचा तगादा, किंवा न सांगतां येणारा अपराध हा वाघ उंबरठ्यावरून उठतच नाहीं. मग महिनोन्महिने तीच तयारी, तेच आंवळलेले खांदे, तीच उडालेली झोंप, तेंच जळजळणारें पोट. हन्नेच्या घशाखालीं घास कां उतरत नव्हता, हें आतां निराळें सांगावयास नको.

आणि त्या बहिणीचीं बोटें? मनुष्य फार जलद श्वास घेऊं लागला कीं शरीरांतील कार्बन डायऑक्साइड नांवाचा वायु गरजेपेक्षां अधिक बाहेर जातो. त्यामुळें रक्ताचा समतोल ढळतो, ओंठांस व बोटांस मुंग्या येतात, चक्कर येते, आणि हात पक्ष्याच्या पंजासारखे वळतात. कोणत्याहि जातीच्या, कोणत्याहि धर्माच्या माणसास असें होतें. श्वास मंदावला कीं हात सुटतात. आम्ही तिच्या कानाशीं ओरडत होतों, म्हणजे विझवावयाच्या चुलींत फुंकर घालीत होतों.

शरीराच्या वाटेनें मनाच्या दुःखापर्यंत जावें, अशी उपचाराची एक रीत गेल्या शंभर वर्षांत पश्चिमेकडे वाढली आहे. तिच्याविषयीं थोडें सांगतों, कारण आपल्या शहरांतहि तिचीं नांवें आतां ऐकूं येतात. शिकागो येथील डॉक्टर एडमंड जेकबसन यांनीं सन १९२९ मध्यें आपली पद्धति पुस्तकरूपानें मांडली. हाताची मूठ आंवळावी, मग सैल सोडावी, आणि दोहोंतला भेद नीट जाणावा. असें करीत करीत सर्व अंगाचे स्नायु क्रमानें सोडावे. ज्यास आपण आंवळलेले आहों हेंच ठाऊक नाहीं त्यास सैल कसा होऊं हें कसें कळणार, असा त्यांचा रोख होता. ही पद्धति साधी आहे, फुकट आहे, आणि चिंता व निद्रानाश यांवर डॉक्टर ती अजूनहि शिकवितात.

व्हिएन्ना येथें फ्रॉइड यांच्या मंडळांतील विल्हेल्म राइश यांनीं सन १९३३ मधील आपल्या ग्रंथांत व त्यानंतर असें मांडलें कीं, मनुष्य लहानपणापासून दाबलेल्या भावना स्नायूंत धरून ठेवतो, आणि तो ताठरपणा चिलखतासारखा त्याच्या अंगाला चिकटून बसतो. ह्या एका कल्पनेंतून पुढें अलेक्झांडर लोवेन वगैरेंच्या अनेक पद्धति निघाल्या. पण राइश पुढें भलत्याच वाटेस लागले. विश्वांत पसरलेली एक शक्ति आपण पेटींत सांठवितों व तिनें रोग बरे होतात, असें ते म्हणूं लागले. अमेरिकेंतील न्यायालयानें त्या पेट्यांस मनाई केली, ती त्यांनीं मोडली, आणि सन १९५७ मध्यें तुरुंगांत त्यांचा अंत झाला. एकाच मनुष्याच्या पोटीं उपयोगी विचार व भ्रम हे दोन्ही कसे जन्मतात, याचा हा नमुना होय. म्हणून देहोपचाराच्या नांवानें जें जें विकलें जाईल तें तें घेऊं नये.

आम्हांस ह्या सर्वांत हन्नेच्या अधिक जवळचे वाटतात ते युजीन जेंडलिन. हेहि शिकागोचेच. उपचारासाठीं आलेल्या लोकांच्या संभाषणांच्या ध्वनिमुद्रिका त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं पुन्हां पुन्हां ऐकल्या. कोणास गुण येतो व कोणास येत नाहीं, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांस असें दिसलें कीं, गुण येणारी माणसें घडाघडा बोलत नाहींत. तीं मधेंच अडखळतात, छातींत किंवा पोटांत जें अस्पष्ट कांहीं दाटलें आहे त्याकडे लक्ष देतात, शब्द चांचपतात, चुकीचा शब्द टाकून दुसरा घेतात, आणि नेमका शब्द मिळाला कीं अंगच सैल होतें. सन १९७८ मध्यें त्यांनीं ही रीत सामान्य लोकांसाठीं पुस्तकांत लिहिली. ओंठ हालत आहेत आणि आवाज निघत नाहीं, ह्या स्थितीस एलीनें झिंग म्हटलें. जेंडलिन यांनीं तिला बरें होण्याचा आरंभ म्हटलें असतें.

अलीकडे बॉस्टन येथील मनोविकारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क यांचें ह्या विषयावरील पुस्तक सन २०१४ मध्यें निघालें व फार वाचलें गेलें. त्यांनीं त्याच वर्षीं ६४ स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. मोठा आघात सोसून इतर उपचारांनीं पुरता गुण न आलेल्या त्या स्त्रिया होत्या, आणि ज्यांनीं सौम्य योगासनें केलीं त्यांपैकीं पुष्कळींस आराम पडला. योगासनें म्हणतांच आपल्यांतील कांहींच्या कपाळास आठ्या पडतील. तो वाद आज येथें नको. श्वास हा आदामाच्या नाकपुड्यांत कोणीं फुंकला हें आपणांस ठाऊक आहे, आणि तो सावकाश घेतल्यानें कोणाची श्रद्धा जात नाहीं. मात्र एवढें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे कीं, ६४ ही संख्या लहान आहे, आणि देहाच्या वाटेनें जाणाऱ्या सर्व पद्धतींस सारखा पुरावा नाहीं. कांहींस बराच आहे, कांहींस अगदीं थोडा.

ह्याहून मोठा धोका दुसऱ्या बाजूस आहे, आणि तो उपदेशकांनीं नीट ध्यानांत घ्यावा. देह मनाचें दुःख बोलतो हें कळल्यावर, प्रत्येक दुखणें मनाचेंच आहे असें म्हणण्याचा मोह होतो. असें कदापि म्हणूं नये. झटके येणाऱ्यास अपस्मार असूं शकतो. सदा थकलेल्या बाईच्या अंगांत रक्त कमी असूं शकतें, आणि आपल्या खेड्यांत बहुधा तेंच असतें. छातींत धडधड होणाऱ्याच्या गळ्यांतील ग्रंथि बिघडलेली असूं शकते. छातींतील कळ हृदयविकाराची असली तर तेथें हन्नेची कथा वाचीत बसणें म्हणजे हत्या होय. प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रांत न्या. गांवांतील आशाताईस बोलवा. तपासणी होऊं द्या, औषध मिळाल्यास तें चालू ठेवा, आणि औषध सोडणें म्हणजे विश्वास, असें कोणी सांगत असेल तर त्यास आमचें नांव सांगून अडवा. मिरजेस डॉक्टर वॉनलेस यांनीं सन १८९४ मध्यें मिशनचें रुग्णालय उभारलें. प्रार्थना पुरेशी असती तर त्यांनीं शस्त्रें कशास उकळून घेतलीं असतीं?

उलट, तपासणींत कांहीं निघालें नाहीं म्हणजे तो मनुष्य ढोंग करतो, असेंहि नव्हे. तिचीं बोटें खरोखरच वळलीं होतीं. हन्नेची भूक खरोखरच मेली होती.

प्रभूचें वागणें पाहा. बारा वर्षें रक्तस्रावानें पीडलेल्या स्त्रीनें गर्दींत मागून येऊन त्याच्या वस्त्रास स्पर्श केला, आणि ती तेथेंच बरी झाली. देहाचें काम झालें होतें. याईराची मुलगी मरणास टेकली होती, वेळ नव्हता. तरी प्रभु थांबला, आणि तिनें आपली सर्व हकीकत सांगेपर्यंत थांबून राहिला. कशाकरितां? रोग गेला होता, पण बारा वर्षांचें न बोललेलें तसेंच होतें. आणि एलीया संदेष्ट्याची गोष्ट ह्याच्या उलट टोंकाची आहे. ईजबेलीच्या भयानें तो रानांत पळाला, एका झुडपाखालीं बसून मरण मागूं लागला. देवदूतानें त्यास उपदेश केला नाहीं, कीं विश्वास कमी म्हणून दटाविलेंहि नाहीं. त्यास झोंपूं दिलें, भाकर व पाणी दिलें, पुन्हां झोंपूं दिलें, पुन्हां खाऊं घातलें. होरेब डोंगरावरील संभाषण त्यानंतरचें. कोणापाशीं आधीं भाकर न्यावी आणि कोणापाशीं आधीं कान न्यावा, हें ओळखणें हेंच आपलें काम आहे, आणि तें सोपें नाहीं.

तेव्हां उपदेशक बंधूंनो, सभेंत असा प्रसंग आला तर आमच्यासारखें करूं नका. गीत थांबवा, पण गोंगाट न करितां. माणसांस बाजूस करा, वारा येऊं द्या. आपला आवाज खालीं ठेवा. त्या व्यक्तीजवळ तिच्या विश्वासाची एखादी बाई बसूं द्या, आणि तिनें स्वतःच सावकाश श्वास घेऊन दाखवावा. श्वास आंत घेण्यापेक्षां सोडावयास अधिक वेळ लावावा. मेंदूपासून निघून हृदय व जठर यांपर्यंत जाणारा व्हेगस नांवाचा एक मोठा मज्जातंतु आहे, आणि श्वास सोडतांना त्याचा लगाम हृदयावर पडून तें हळू चालूं लागतें. पाय जमिनीवर टेकूं द्या. समोर काय दिसतें, भिंत कशी आहे, कंदील कोठें टांगला आहे, असें साधें कांहीं विचारा. तोंडावर कागदाची पिशवी धरण्याची एक जुनी चाल आहे, ती करूं नका. दुखणें हृदयाचें किंवा दम्याचें असल्यास तिनें घात होतो.

स्पर्शाविषयींहि एक शब्द. आपण डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतों ती चाल पवित्र आहे. पण ज्या स्त्रीस कोणीं मारलें आहे किंवा भ्रष्ट केलें आहे तिच्या अंगास पुरुषाचा हात, मग तो पाळकाचा कां असेना, पहिल्यानें भयच सांगतो. विचारल्यावांचून हात ठेवूं नये. अडतीस वर्षें पडून असलेल्या मनुष्यास प्रभूनेंहि आधीं विचारलें कीं, तुला बरें व्हावयाचें आहे काय. आणि मारणें, बांधणें, धूर देणें ह्या गोष्टींचा तर विचारच नको. महाराष्ट्रांत सन २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानें भूत काढण्याच्या मिषानें बांधणें व मारणें हा गुन्हा आहे, आणि सन २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें मनोरुग्णास सांखळीनें बांधण्यास मनाई आहे. हे कायदे भगताला जसे लागू आहेत तसेच आपणांसहि आहेत.

ऐकणें आपल्या आवांक्याबाहेरचें झालें, कोणी जीव देण्याची गोष्ट बोलूं लागलें, किंवा निजेविना रात्रीमागून रात्री जाऊं लागल्या, तर जिल्हा रुग्णालयांतील मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावें. टेलिमानस नांवाची सरकारी दूरध्वनिसेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असा असून पैसे पडत नाहींत व मराठींतहि बोलतां येतें. हा क्रमांक प्रार्थनामंदिराच्या दारावर लिहून ठेवावा. तो लिहिल्यानें मंडळीची अब्रू जाते असें एका पंचानें आम्हांस सांगितलें. आम्हीं त्यास एवढेंच विचारलें कीं, विहिरीला कठडा बांधल्यानें गांवाची अब्रू जाते काय? नंतर आम्हांस आपल्याच शब्दाची लाज वाटली, कारण ज्या विहिरीची गोष्ट वर सांगितली तिला कठडा नव्हता, आणि तो बांधावा असें आम्हींहि कधीं कोणास सुचविलें नव्हतें. गेल्या वर्षीं तो बांधला.

त्या बहिणीकडे आम्ही पुढें गेलों, आणि थडग्यापाशीं काढलेल्या शब्दाबद्दल क्षमा मागितली. लाजरासाच्या थडग्यापाशीं प्रभु स्वतः रडला, तें आम्हांस त्या दिवशीं आठवावयास हवें होतें, असें तिला सांगितलें. ती कांहीं बोलली नाहीं. तिनें चहा केला. दुसऱ्या महिन्यापासून ती उपासनेस येऊं लागली. तें गीत तिच्या मंडळींत तिला विचारल्यावांचून म्हणत नाहींत. एका वर्षीं तिनें आपण होऊन तें म्हणावयास सांगितलें, आणि दुसऱ्या कडव्यास ती उठून बाहेर गेली, व थोड्या वेळानें परत येऊन बसली.

श्रावण लागला कीं अजूनहि तिचीं बोटें कधीं कधीं वळतात. तेव्हां ती भिंतीस टेकून बसते, आणि तिची जाऊ जवळ बसते. बायबलबाई आतां प्रभूकडे गेल्या. गेल्या पावसाळ्यांत आम्ही शेजारच्या वाडीस गेलों होतों. तेथें एका घरीं नुकताच कर्ता मुलगा वारला होता. त्या घरच्या ओट्यावर, म्हातारीच्या शेजारीं, ही बहीण मांडीवर सूप घेऊन ज्वारी निवडीत बसली होती. आम्हांस पाहून तिनें ओंठांवर बोट ठेविलें. आम्ही अंगणांतूनच परतलों.